दुसऱ्या हार्ड डिस्कवर विंडोज नव्याने टाकायचंय? मग आधी पहिली डिस्क सोडवा

नवीन एसएसडी आणली, जुन्या डिस्कच्या शेजारी लावली, पेन ड्राइव्हवरून तिच्यावर विंडोज टाकलं आणि सगळं छान चालायला लागलं. काही महिन्यांनी जुनी डिस्क आवाज करायला लागली म्हणून ती काढली आणि कॉम्प्युटर चालूच होईना, स्क्रीनवर बूट डिव्हाइस सापडत नाही एवढाच मेसेज. विंडोज तर नव्या डिस्कवर आहे, मग जुनी काढल्याने काय बिघडलं? हा प्रश्न मला इतक्या लोकांनी विचारलाय आणि कारण जवळजवळ दरवेळी एकच निघालंय.

विंडोजचा इन्स्टॉलर तुम्ही दाखवलेल्या डिस्कवर विंडोज टाकतो हे खरं, पण कॉम्प्युटर सुरू करून देणाऱ्या बूट फाइल्स कुठे ठेवायच्या हे तो स्वतःच ठरवतो, तुम्हाला विचारत नाही. लावलेल्या दुसऱ्या एखाद्या डिस्कवर आधीचं ईएफआय पार्टिशन (बूट फाइल्स ठेवायचा डिस्कचा छोटा भाग) दिसलं तर बहुतेक वेळा तो तेच वापरतो. म्हणजे विंडोज नव्या डिस्कवर आणि ते सुरू करायची किल्ली जुन्या डिस्कवर. जुनी डिस्क गेली की किल्ली गेली.

यावर उपाय सोपा आहे, इन्स्टॉल करताना मशीनमध्ये फक्त तीच एक डिस्क ठेवायची जिच्यावर विंडोज टाकायचंय. आधी तयारी, मग जुनी डिस्क सोडवणं, मग इन्स्टॉल, मग नवी एकटी चालते का हे बघणं आणि सगळ्यात शेवटी जुनी परत जोडणं. हा क्रम मोडू नका.

## टप्पा १: आपल्याकडे काय आहे ते कागदावर लिहून घ्या

कागदावरच लिहा, कारण मध्येच कॉम्प्युटर बंद असणार आणि फोनवर काढलेला फोटो नेमका तेव्हा सापडत नाही.

स्टार्टमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन शोधून उघडा आणि बायोस मोड या ओळीपुढे यूईएफआय लिहिलंय की लेगसी ते बघा. बायोस म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम, यूईएफआय ही त्याची नवी पद्धत आणि लेगसी जुनी. यूईएफआय असेल तर डिस्क जीपीटी प्रकारची लागते, लेगसी असेल तर एमबीआर; डिस्कवर पार्टिशनची नोंद ठेवायच्या या दोन पद्धती आहेत. अकरा नंबरचं विंडोज टाकायचं असेल तर यूईएफआय, सिक्युअर बूट (फक्त खात्रीची सिस्टिम सुरू होऊ देणारी सोय), टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा या मायक्रोसॉफ्टच्या अटी आहेत. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, त्यामुळे मशीन बसत असेल तर नव्याने टाकताना ११ च टाका, नंतर परत हाच उद्योग करायला नको.

मग डिस्क मॅनेजमेंट उघडा आणि दोन्ही डिस्कचे आकार लिहा. कंपनी १ टीबी म्हणते ती विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, ५०० ची ४६५ दिसते, त्यामुळे बॉक्सवरचा आकडा नाही, स्क्रीनवरचा लिहा. दोन्ही डिस्क एकाच आकाराच्या असतील तर डिव्हाइस मॅनेजरमधून मॉडेलचं नाव पण लिहून घ्या.

सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्टिव्हेशन बघा आणि विंडोज होम आहे की प्रो ते लिहा. डिजिटल लायसन्स मुख्यतः मदरबोर्डशी बांधलेलं असतं, डिस्क बदलल्याने ते जात नाही, पण होमचं लायसन्स असताना प्रो टाकलंत तर ते अ‍ॅक्टिव्हेट होणार नाही आणि मग लोकांना वाटतं लायसन्स उडालं.

दुसरी डिस्क जुनी असेल, म्हणजे कुठल्यातरी पडून असलेल्या मशीनमधून काढलेली, तर क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या प्रोग्रॅमने तिची तब्येत बघा. रिअ‍ॅलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टरचा (डिस्कच्या खराब होत चाललेल्या भागांचा) आकडा वाढत असेल तर त्या डिस्कवर विंडोज टाकू नका, कितीही वाईट वाटलं तरी. फक्त सीआरसी एररचा आकडा वाढत असेल तर डिस्क नाही, बऱ्याचदा साटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी) खराब असते, ती बदलून बघा.

तपासा: बायोस मोड, दोन्ही डिस्कचा आकार आणि मॉडेल, होम की प्रो. हे कागदावर आलं का?

## टप्पा २: डेटा तिसऱ्या ठिकाणी ठेवा

लोक इथे म्हणतात की जुनी डिस्क तर आपण बाजूला काढणारच आहोत मग बॅकअप कशाला. दोन कारणं आहेत. एक म्हणजे जुनी डिस्क जुनी आहे म्हणूनच तुम्ही हे करताय, आणि काढताघालताना ती मरू शकते. दुसरं म्हणजे ज्या डिस्कवर विंडोज टाकणार तिच्यावर आधीचे फोटो, व्हिडिओ असतील तर ते सगळं जाणार आहे, आणि त्याच डिस्कच्या दुसऱ्या पार्टिशनवर डेटा ठेवून फक्त पहिल्यावर विंडोज टाकतो हा बेत मी तरी कुणाला करू देत नाही. एक चुकीचा क्लिक पुरतो.

तेव्हा बाहेरची यूएसबी डिस्क घ्या आणि डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स कॉपी करा. वनड्राइव्ह चालू असेल तर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स खरे वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये असू शकतात, आणि तिथल्या ज्या फाइलवर ढगाचं चिन्ह आहे ती फाइल डिस्कवर नाहीच, नुसतं नाव आहे.

ब्राउझरचे पासवर्ड ही विसरायची हमखास जागा. क्रोमचा प्रोफाइल फोल्डर उचलून नव्या विंडोजमध्ये टाकला तर बुकमार्क येतात पण पासवर्ड उघडत नाहीत, कारण ते जुन्या विंडोजच्या युजर खात्याशी बांधून एन्क्रिप्ट केलेले असतात. एकतर सिंक चालू करा, नाहीतर पासवर्ड एक्सपोर्ट करून घ्या आणि काम झाल्यावर ती एक्सपोर्टची फाइल पुसून टाका कारण तिच्यात सगळं उघडं लिहिलेलं असतं.

ज्या महागाच्या प्रोग्रॅमचं लायसन्स एका मशीनपुरतं असतं तो जुन्या विंडोजमध्ये जाऊन आधी डीअ‍ॅक्टिव्हेट करा. जुनं विंडोज पुसल्यावर हे करता येत नाही.

तपासा: बॅकअपची डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा आणि पाच-दहा फाइल खरंच उघडून बघा. फोल्डर दिसतोय म्हणजे फाइल ठीक आहे असं नसतं.

## टप्पा ३: बिटलॉकर आणि फास्ट स्टार्टअप

हा टप्पा दहा मिनिटांचा आहे आणि सगळ्यात जास्त रडारड हा वगळल्यामुळे होते.

बऱ्याच लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे बिटलॉकरने डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणं, आपोआप चालू होतं, तुम्ही कधी बिटलॉकरचं नाव ऐकलेलं नसलं तरी. अशी डिस्क नव्या विंडोजला जोडली की ती उघडत नाही, ४८ आकडी रिकव्हरी की मागते. शिवाय बायोसमध्ये सिक्युअर बूट वगैरे बदललंत तर जुनं विंडोज स्वतः सुद्धा ती की मागू शकतं. तेव्हा आत्ताच, जुनं विंडोज चालू असताना, मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जाऊन ती की शोधा आणि कागदावर उतरवा, कीचा आयडी पण लिहा म्हणजे कुठल्या डिस्कची ते कळेल. त्याहून बरं म्हणजे एन्क्रिप्शन बंदच करा, त्याला दोन-तीन तास लागले तरी लागू द्या, नंतर जुन्या फाइल काढताना त्रास होत नाही.

सावधान: की नाही, अकाउंटचा पासवर्ड आठवत नाही, अशी परिस्थिती असेल तर इथेच थांबा. आधी अकाउंट परत मिळवा. की नसेल तर एन्क्रिप्ट झालेला डेटा दुकानदारच काय कुणीच परत काढून देऊ शकत नाही.

दुसरं, फास्ट स्टार्टअप बंद करा. कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये पॉवर बटण काय करतं त्या पानावर हा टिक असतो. तो चालू असताना शट डाउन केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धं झोपतं, आणि डिस्क अर्धवट उघड्या अवस्थेत राहते. अशा डिस्कवर दुसऱ्या सिस्टिमने काही लिहिलं की फाइल बिघडू शकतात, मग ती दुसरी सिस्टिम विंडोज असो नाहीतर लिनक्स.

## टप्पा ४: पेन ड्राइव्ह बनवा

किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या, त्यावरचं सगळं पुसलं जाणार हे गृहीत धरा. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घ्या आणि त्यानेच बनवा. कुणीतरी दिलेली, आधीच सगळं टाकलेली, अ‍ॅक्टिव्हेट केलेली आयएसओ (विंडोजच्या इन्स्टॉलरची एकसंध फाइल) वापरू नका, त्यात आणखी काय टाकलंय हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

दुसऱ्या एका पेन ड्राइव्हवर मशीनच्या किंवा मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवरून दोन ड्रायव्हर घेऊन ठेवा. एक वायफाय किंवा लॅनचा, कारण ११ चं सेटअप इंटरनेट मागतं आणि वायफायच ओळखलं गेलं नाही तर तुम्ही तिथेच अडकता. दुसरा इंटेलचं मशीन असेल तर स्टोरेजचा, ज्याला इंटेल आरएसटी किंवा व्हीएमडी ड्रायव्हर म्हणतात. हा एक्झी स्वरूपात आला तर आतल्या फाइल बाहेर काढून फोल्डर करून ठेवा, इन्स्टॉलरला एक्झी चालत नाही.

एक नेहमीची चूक इथेच सांगतो. पेन ड्राइव्ह तयार झाला की लोक जुन्या विंडोजमध्येच तो उघडतात आणि सेटअपवर डबल क्लिक करतात. त्याने दुसऱ्या डिस्कवर काहीही होत नाही, चालू असलेलं विंडोजच अपग्रेड व्हायला लागतं. सेटिंग्जमधलं रीसेट धीस पीसी पण तसंच, ते फक्त चालू विंडोजवर काम करतं. पेन ड्राइव्हवरून बूटच करावं लागतं.

## टप्पा ५: जुनी डिस्क सोडवा, नवी लावा

कॉम्प्युटर शट डाउन करा, मागचा एसएमपीएसचा (वीजपुरवठ्याच्या डब्याचा) स्विच बंद करा, वायर काढा, मग पॉवर बटण एकदा दाबून धरा म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. कॅबिनेट उघडल्यावर आधी त्याच्या धातूच्या भागाला हात लावा, अंगातली स्टॅटिक वीज डिस्कवर जायला नको. लॅपटॉप असेल तर खालचं कव्हर काढल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढायचा, डिस्कला हात नंतर.

साटा डिस्क असेल तर जुन्या डिस्कची डेटा केबल काढली तरी पुरतं, डिस्क जागेवरच राहू द्या. एम डॉट टू प्रकारची (मदरबोर्डवरच बसणारी छोटी पट्टी) असेल तर स्क्रू काढून ती बाहेरच काढावी लागते, स्क्रू इतका छोटा असतो की खाली एखादं ताट किंवा कापड ठेवा.

नवी डिस्क लावताना दोन गोष्टी बघा. एम डॉट टू ची डिस्क साटा प्रकारची पण असते आणि एनव्हीएमई पण, दिसायला सारख्या, आणि काही मदरबोर्डचे काही स्लॉट यातला एकच प्रकार घेतात. तसंच काही बोर्डवर एक एम डॉट टू स्लॉट भरला की एखादं-दुसरं साटा पोर्ट आपोआप बंद पडतं. नवी एसएसडी लावली आणि जुनी डिस्क दिसेनाशी झाली म्हणून घाबरलेले लोक मी बघितलेत, डिस्कला काही झालेलं नव्हतं, फक्त शेजारच्या पोर्टला केबल लावायची होती. मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्ये हे लिहिलेलं असतं.

सावधान: मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या होणारा, एसएमपीएस असेल तर त्याच्या सोबत आलेलीच पॉवर केबल वापरा. दुसऱ्या एसएमपीएसची केबल खाचेत बसते, पण आतल्या तारांचा क्रम वेगळा असू शकतो आणि मग डिस्क जळते. एका क्षणात, डेटासकट.

पहिली डिस्क काढताच येत नाही असंही असतं, बोर्डवर सोल्डर केलेली असेल तर. मग बायोसमध्ये ते पोर्ट किंवा स्लॉट डिसेबल करायचा पर्याय आहे का बघा, बऱ्याच डेस्कटॉप बोर्डवर असतो. तोही नसेल तर विंडोज टाकून झाल्यावर नव्या डिस्कवर वेगळं ईएफआय पार्टिशन बनवून बीसीडीबूट नावाच्या कमांडने बूट फाइल्स तिथे लिहाव्या लागतात. ते होतं, पण कमांड चालवायची सवय नसेल तर जाणकार माणसाला शेजारी बसवून करा.

## टप्पा ६: बायोस आणि बूट मेनू

मशीन चालू करा आणि बायोसमध्ये जा, बहुतेक ठिकाणी डिलीट किंवा एफ२ बटण. बघायचं इतकंच की नवी डिस्क यादीत दिसते आणि जुनी दिसत नाही. जुनी अजून दिसत असेल तर चुकीची केबल काढलीय, परत टप्पा ५.

मग बूट मेनू उघडा, एफ८, एफ११, एफ१२ यातलं काहीतरी एक बटण असतं, कंपनीप्रमाणे बदलतं. तिथे एकच पेन ड्राइव्ह कधीकधी दोनदा दिसतो, एका नावाआधी यूईएफआय लिहिलेलं असतं आणि दुसऱ्याआधी नसतं. यूईएफआयवालाच निवडा. हे चुकलं की पुढे हमखास तो मेसेज येतो की या डिस्कवर विंडोज टाकता येत नाही, डिस्क जीपीटी आहे किंवा एमबीआर आहे, आणि मग लोक डिस्कला दोष देतात. डिस्कचा काही दोष नसतो, पेन ड्राइव्ह एका पद्धतीने बूट झालेला असतो आणि डिस्क दुसऱ्या पद्धतीची असते एवढंच.

## टप्पा ७: इन्स्टॉल

भाषा, कीबोर्ड निवडा. प्रॉडक्ट की विचारली आणि मशीनवर आधी अ‍ॅक्टिव्हेट झालेलं विंडोज होतं तर माझ्याकडे की नाही हा पर्याय घ्या, पुढे होम-प्रो विचारेल तिथे कागद बघून तेच निवडा. जुन्या धाटणीच्या इन्स्टॉलरमध्ये अपग्रेड आणि कस्टम असे दोन पर्याय येतात, कस्टम घ्यायचं. नव्या इन्स्टॉलरमध्ये सगळ्या फाइल, अ‍ॅप, सेटिंग पुसल्या जातील हे मान्य आहे अशी टिक मागतात आणि लोक तिथे दचकतात. ती टिक केल्याने लगेच काही पुसलं जात नाही, डिस्क निवडायचं पान अजून पुढे आहे, आणि जुनी डिस्क तर मशीनमध्ये नाहीच.

डिस्कच्या पानावर आता एकच डिस्क दिसायला हवी. पेन ड्राइव्ह पण यादीत दिसू शकतो, तो आकाराने ओळखा. नवी कोरी डिस्क असेल तर अनअ‍ॅलोकेटेड स्पेस असं लिहिलेलं असेल, ते निवडून सरळ नेक्स्ट दाबा. हाताने पार्टिशन बनवत बसू नका, विंडोज स्वतः ईएफआयचं, १६ एमबीचं एमएसआर, मुख्य आणि रिकव्हरीचं अशी सगळी पार्टिशन करून घेतं.

डिस्क वापरलेली असेल तर तिच्यावरची सगळी पार्टिशन एकेक डिलीट करा म्हणजे सगळी मिळून एकच अनअ‍ॅलोकेटेड जागा राहील. लोक फक्त मोठं पार्टिशन फॉरमॅट करतात आणि छोटी तशीच ठेवतात, मग जुन्या विंडोजचे बूट फाइल्सचे अवशेष राहतात आणि चालू होताना दोन-दोन विंडोज दिसतात ज्यातलं एक उघडतच नाही.

डिस्क एमबीआर आहे म्हणून अडलं तर शिफ्ट धरून एफ१० दाबा, काही लॅपटॉपवर सोबत एफएन पण दाबावं लागतं. काळी खिडकी उघडेल. तिथे एकेक कमांड इंग्रजीत टाइप करून एंटर दाबायचं: डिस्कपार्ट, मग लिस्ट डिस्क, मग सिलेक्ट डिस्क आणि तिचा नंबर, आणि आता घाई न करता डिटेल डिस्क. यात डिस्कचं मॉडेल दिसतं, ते कागदाशी जुळवा. जुळलं तरच क्लीन आणि त्यानंतर कन्व्हर्ट जीपीटी.

सावधान: क्लीन ही कमांड तुम्हाला खात्री आहे का असं विचारत नाही. एंटर दाबला की त्या डिस्कवरची सगळी पार्टिशन गेली. पेन ड्राइव्हलाही नंबर असतो, चुकून तोही क्लीन होऊ शकतो.

यादीत कुठलीच डिस्क दिसत नाही? इंटेलच्या नव्या लॅपटॉपवर हे फार होतं. लोड ड्रायव्हर दाबा, दुसऱ्या पेन ड्राइव्हवरचा व्हीएमडीचा फोल्डर दाखवा, डिस्क येईल. व्हीएमडी बायोसमधून बंद करूनही डिस्क दिसते, पण मग जुन्या डिस्कवरचं विंडोज, जे व्हीएमडी चालू असताना टाकलेलं आहे, ते निळी स्क्रीन देऊ शकतं. ते अजून लागणार असेल तर ड्रायव्हरचाच रस्ता धरा.

आणि बाहेरची, यूएसबीने जोडलेली डिस्क निवडलीत तर विंडोजचा इन्स्टॉलर स्वच्छ नाही म्हणतो. केसमधून काढून आत साटाला लावा मग घेतो.

फाइल कॉपी झाल्यावर मशीन रीस्टार्ट होतं. त्या वेळी कुठलंही बटण दाबा असं आलं तर काही दाबू नका, नाहीतर परत पहिल्यापासून सेटअप सुरू होतं आणि वाटतं की इन्स्टॉल झालंच नाही. पहिल्या रीस्टार्टला पेन ड्राइव्ह काढून घेतला तरी चालतं.

## टप्पा ८: नवी डिस्क एकटी चालते का

डेस्कटॉप आला की लगेच जुनी डिस्क जोडायची घाई होते, मला समजतं, फाइल तिथे आहेत. पण आधी हे करा. पेन ड्राइव्ह काढा, पूर्ण शट डाउन करा, परत चालू करा. मग डिस्क मॅनेजमेंट उघडा, एकाच डिस्कवर ईएफआयचं छोटं पार्टिशन आणि सी ड्राइव्ह दोन्ही दिसायला हवेत. विंडोज अपडेट चालवा, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह कुठे उरलंय का बघा, अ‍ॅक्टिव्हेशन बघा. इथेही फास्ट स्टार्टअप बंद करा, कारण हे नवीन विंडोज आहे आणि यात तो परत चालू असतो.

नव्या विंडोजमध्येही एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असू शकतं. ठेवायचं असेल तर ठेवा, चांगलंच आहे, पण त्याची नवी की आजच लिहून ठेवा, जुन्या डिस्कची की इथे चालत नाही.

## टप्पा ९: जुनी डिस्क परत जोडा

शट डाउन, वायर काढा, जुनी डिस्क जोडा. चालू केल्या केल्या बायोसमध्ये जा, विंडोज सुरू होऊ देण्याआधी, कारण जुनी डिस्क जोडली की पुष्कळदा तीच परत पहिल्या नंबरला जाऊन बसते आणि जुनं विंडोज उघडतं. मग माणसाला वाटतं केलेलं सगळं वाया गेलं. बूट ऑर्डरमध्ये विंडोज बूट मॅनेजर हे नाव आता दोनदा दिसेल, बऱ्याच बायोसमध्ये शेजारी डिस्कचं मॉडेल पण असतं, त्यावरून नवी ओळखा आणि तिला वर आणा. मॉडेल दिसत नसेल तर एकेक निवडून बघायचं, त्यात काही बिघडत नाही.

नवं विंडोज उघडल्यावर जुनी डिस्क डी, ई असं काहीतरी अक्षर घेऊन दिसेल. आधी जी सी होती ती आता सी नाही, आणि हे बरोबर आहे. चालू असलेलं विंडोज स्वतःला सी म्हणतं.

तपासा: डिस्क मॅनेजमेंटमध्ये जुन्या डिस्कवर ऑफलाइन असं दिसलं तर राइट क्लिक करून ऑनलाइन करा. फॉरमॅट करू का असं विंडोजने विचारलं तर नाही म्हणा, आणि ती डिस्क एन्क्रिप्ट होती का ते आठवा.

## टप्पा १०: जुन्या फाइल काढून घेणं

जुन्या डिस्कवरच्या युजर्स फोल्डरमध्ये तुमच्या नावाचा फोल्डर उघडताना परवानगी नाही असा मेसेज येतो. कंटिन्यू दाबा आणि थांबा, फाइल खूप असतील तर बराच वेळ लागतो, मध्येच बंद करू नका. फक्त त्या फोल्डरपुरतं करा. कुठेतरी वाचून अख्ख्या डिस्कची मालकी बदलू नका, जुनं विंडोज अजून एखाद वेळेस उघडायची वेळ आली तर ते नीट चालणार नाही.

प्रोग्रॅम फाइल्सचा फोल्डर उचलून आणायचा नाही. प्रोग्रॅमचा अर्धा जीव रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत) असतो आणि ती जुन्या विंडोजमध्ये राहिली, त्यामुळे प्रोग्रॅम नव्यानेच टाकावे लागतात. स्टीमवरचे गेम याला अपवाद, त्यांचा फोल्डर नव्या स्टीमला लायब्ररी म्हणून दाखवला की तो फाइल तपासून घेतो आणि पुन्हा सगळं डाउनलोड करावं लागत नाही.

## टप्पा ११: जुनं विंडोज कधी पुसायचं

लगेच नाही. मी किमान महिनाभर ठेवायला सांगतो, कारण एखादी फाइल, एखादा फॉन्ट, एखादं ईमेलचं खातं नेहमी पंधरा-वीस दिवसांनीच आठवतं.

पुसायच्या दिवशी आधी एकदा परत जुनी डिस्क सोडवा आणि कॉम्प्युटर चालू करा. नुसत्या नव्या डिस्कवर विंडोज उघडलं तरच पुढे जा. नाही उघडलं तर बूट फाइल्स जुन्या डिस्कवरच आहेत, ती परत जोडा आणि काहीही पुसू नका, आधी टप्पा ५ मध्ये सांगितलेलं बीसीडीबूटचं काम करून घ्या.

उघडलं की जुनी डिस्क जोडून डिस्क मॅनेजमेंटमध्ये जा. मोठं पार्टिशन तिथून डिलीट होतं पण ईएफआय आणि रिकव्हरीचं छोटं पार्टिशन डिलीट करायचा पर्यायच येत नाही, म्हणून बरेच जण ते तसंच सोडून देतात. ते पण काढायचं असतं, नाहीतर बायोसमध्ये जुनं विंडोज बूट मॅनेजर दिसत राहतं आणि पुढच्या वेळी कुणी विंडोज टाकलं की इन्स्टॉलर परत त्यालाच चिकटतो. त्यासाठी विंडोजमधल्या कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत पुन्हा डिस्कपार्ट, लिस्ट डिस्क, सिलेक्ट डिस्क, डिटेल डिस्क, मॉडेल कागदाशी जुळवा, आणि डिटेलमध्ये बूट डिस्क या ओळीपुढे नो लिहिलेलं आहे ना ते बघा. यस असेल तर ती तुमची चालू डिस्क आहे, बाहेर पडा. नो असेल तर क्लीन, कन्व्हर्ट जीपीटी, आणि मग डिस्क मॅनेजमेंटमध्ये नवं सिंपल व्हॉल्यूम बनवून एनटीएफएस फॉरमॅट करा. अक्षर शक्यतो पुढचं द्या, एम किंवा पी वगैरे, म्हणजे मध्ये पेन ड्राइव्ह लावले तरी ते बदलत नाही आणि त्यावर ठेवलेल्या फोल्डरचे शॉर्टकट तुटत नाहीत.